नाण्याचा आवाज

रात्री साडेअकराला घरकुलातला पत्रा अजून तापलेलाच असतो.
मी लॅपटॉप उघडते, ज्याचं बिजागर
अम्मानं विडीच्या दोऱ्यानं बांधून दिलंय,
आणि कूलर बंद करते.
घाम चालेल. खरखर चालत नाही.

हे आवाज करायचं यंत्र फुकट आहे.
कुठल्या तरी गावच्या कुणी तरी बनवलं
आणि ठेवून दिलं, चौकात रांजण ठेवावा तसं.
नाव विचारत नाही, नंबर मागत नाही.
एक बटण दाबलं की नाणं,
दुसरं दाबलं की उडी, तिसऱ्याला स्फोट.
आवडलं नाही तर सरकपट्ट्या ओढत बसायचं:
चौकोनी लहर, करवती लहर,
वर चढणारा सूर, अर्ध्यात मोडणारा सूर.

पुण्याचा एक मुलगा जुन्या वळणाचा खेळ करतोय,
त्याला चाळीस आवाज हवेत.
पानं कातरता कातरता अम्मा विचारते, हजारी किती?
हजारी नाही गं, नगावर.
उडीचे ऐंशी रुपये?
ती कात्री थांबवते. कुणी उडी मारायची?

हे खेळ मी कधी खेळले नाही.
गड्ड्यावर, पाळण्यांच्या मागे, निळ्या पडद्याचा तंबू असायचा.
नरहरी आत जायचा, दोन रुपये घेऊन.
मी बाहेर, त्याच्या चपला सांभाळत.
पडद्याआड कोण पळतंय, कोण मेलं,
सगळं मला कानानंच कळायचं.
टिडिंग झालं की नाणं.
घरंगळत खाली गेलं की नरहरी बाहेर येणार,
तोंड पाडून.

नान्नांना वाटतं, मी बटणं दाबून वेळ घालवते.
परवा म्हटलं, ऐका, हे नाणं.
दाबलं.
विनपडलेदु, म्हणाले. नाही ऐकू आलं.
आवाज वाढवला. शेजारच्या गुंडेलींचं पोर उठून रडायला लागलं.
विनपडलेदु.

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये एकतीस वर्षं,
डावीकडे माग, उजवीकडे माग.
वरचे सूर आधी जातात, असं डॉक्टर म्हणाले होते
आणि कागदावर एक रेघ काढून दाखवली होती,
उजवीकडे विहिरीत पडणारी.
चिमण्या गेल्या. कुकरची शिट्टी गेली.
आता कळलं, नाणंही गेलंय.

मी पट्टी खाली ओढली.
नाही.
अजून खाली. नाण्याची चकाकी गेली, टिकलीसारखं वाजलं.
नाही.
अजून. आता ते नाणंच राहिलं नाही,
लाकडावर लाकूड आपटावं तसं काही तरी,
ठक्.
नान्ना उठून बसले.
पुन्हा दाब.

ठक्.

हा धोटा आहे, म्हणाले. तिसऱ्या मागाचा.
पट्टा सैल आहे त्याचा. कुणाला तरी सांग.

कुणाला सांगू?
त्या शेडमध्ये आता लग्नाच्या खुर्च्या ठेवतात.

मी फाईल जपून ठेवली, नाव दिलं: सैल पट्टा.
आतमध्ये नुसते आकडे असतात, शून्य आणि एक, म्हटलं.
ते हसले. जकार्डचे पुठ्ठे गं,
भोक आहे, भोक नाही.
भोक आहे तिथे मोर.

पुण्याला मी वरचं, चकाकतं नाणं पाठवलं.
त्याचं उत्तर आलं: झकास. आता फक्त
खेळ संपल्याचा आवाज राहिला.

नान्नांना विचारलं, शेवटच्या दिवशी कसं झालं?
काही नाही, म्हणाले.
मालकानं मोठा खटका खाली केला.
पण माग लगेच थांबत नाहीत.
थोडा वेळ आपले आपले चालतात,
मग दोन ठोक्यांमध्ये जागा पडायला लागते,
मग अजून जागा.

मी करवती लहर घेतली.
पट्टी हळूहळू खाली आणली.
ते डोळे मिटून ऐकत होते.
हळू, म्हणाले. इतक्या लवकर नव्हतं.